‘मान्य आहे’ म्हणजे नक्की काय मान्य आहे?

मराठीत ‘मान्य’ हा शब्द सहसा थोड्या वादानंतर येतो. आई म्हणते, ‘नऊच्या आत घरी यायचं.’ तुम्ही म्हणता, ‘साडेनऊ.’ मग घासाघीस होते आणि सव्वानऊवर दोघांचं जमतं. आई विचारते, ‘मान्य?’ तुम्ही म्हणता, ‘मान्य.’ दोन्ही बाजू बोलल्या, दोघांनी थोडं थोडं सोडलं आणि मग शब्द दिला गेला.

टॅक्सीच्या ॲपमध्येही तुम्ही हेच म्हणता. पण तिथे घासाघीस नसते. पडद्यावर बारीक अक्षरांत लांबलचक मजकूर येतो आणि खाली एक बटण असतं. ते दाबलं तर टॅक्सी मिळते, नाही दाबलं तर नाही मिळत. ‘मला सातवी अट पसंत नाही, बाकीच्या चालतील’ असं सांगायला जागाच नसते. म्हणून आपण सगळेच न वाचता बटण दाबतो. मीही दाबतो, तुमचे आईबाबाही दाबतात. अटी लिहिणाऱ्या वकिलाच्या घरीसुद्धा काही वेगळं होत असेल असं मला वाटत नाही.

माझं मत असं आहे की ते बटण दाबल्यामुळे आपले सगळे हक्क जात नाहीत. कंपनी तसं सुचवते, पण कायदा तसं म्हणत नाही. मात्र अटींत काय लिहिलंय याचा पत्ताच नसेल, तर हक्क असूनही तो मागता येत नाही. आणि त्यासाठी सगळ्या अटी पाठ कराव्या लागत नाहीत. चार गोष्टी शोधाव्या लागतात. आपला करार कोणाशी आहे? जबाबदारी कोणाची? पैसे कधी कापले जातात? आणि तक्रार कुठे करायची?

आधी शब्दांची थोडी गंमत. दुबई, शारजा, अबुधाबीत शाळेत जाणाऱ्या मुलांना अरबी शिकावी लागते. अरबीत ‘अटी व शर्ती’ला ‘शुरूत व अहकाम’ म्हणतात. ‘शुरूत’ हे ‘शर्त’चं अनेकवचन. ‘अहकाम’ हे ‘हुक्म’चं, म्हणजे आपल्या ‘हुकूम’चं. ‘हुकूक’ हे ‘हक्क’चं. ‘करार’, ‘कायदा’, ‘रद्द’, ‘दलाल’ हे शब्दही आपल्याकडे अरबीतूनच, बहुतेक फारसीच्या वाटेने आले. तेव्हा हा विषय मराठीत कठीण जाईल अशी भीती बाळगू नका. अर्धे शब्द तुम्ही दुसऱ्या तासाला शिकलेलेच आहात.

आता पहिली गोष्ट, करार कोणाशी. हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. करीम ही कंपनी 2012 मध्ये दुबईत सुरू झाली. उबर 2013 मध्ये इथे आली. 2019 मध्ये उबरने करीम 3.1 अब्ज डॉलरला विकत घ्यायचं ठरवलं आणि 2020 च्या जानेवारीत तो व्यवहार पूर्ण झाला. त्याच 2019 मध्ये दुबईची रस्ते व वाहतूक संस्था, म्हणजे आरटीए, आणि करीम यांनी मिळून ‘हला’ ही सेवा आणली. त्यामुळे करीमच्या ॲपवर हला मागवली की दारात येते ती दुबईची नेहमीचीच टॅक्सी, मीटरवाली. दुसरा पर्याय निवडला तर खाजगी लिमोझिन कंपनीची गाडी येते. पुढे 2023 मध्ये ‘ई अँड’ या इथल्या दूरसंचार समूहाने करीमच्या बाकीच्या सेवांच्या कंपनीत निम्म्याहून थोडा जास्त वाटा घ्यायचं ठरवलं, पण टॅक्सीचा धंदा उबरकडेच राहिला. म्हणजे एकाच हिरव्या ॲपमधून तुम्ही सकाळी टॅक्सी मागवता आणि रात्री बिर्याणी, पण दोन्हीचे मालक सारखे नाहीत.

याने आपल्याला काय फरक पडतो? काही बिघडलं तर पडतो. अटींच्या पहिल्या परिच्छेदात कंपनीचं पूर्ण नाव आणि ती कोणत्या देशात नोंदलेली आहे हे दिलेलं असतं. संयुक्त अरब अमिरातीचा ग्राहक संरक्षण कायदा, म्हणजे 2020 चा 15 क्रमांकाचा संघीय कायदा, देशात आणि इथल्या मुक्त व्यापार क्षेत्रांत मिळणाऱ्या वस्तू आणि सेवांना लागू आहे. इंटरनेटवरून विकणाऱ्यांनाही तो लागू आहे, पण त्यात ‘देशात नोंदलेले’ असे शब्द आहेत. म्हणून तो पहिला परिच्छेद वाचायचा. अर्धं मिनिट लागतं.

दुसरी गोष्ट जबाबदारीची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. जवळजवळ प्रत्येक टॅक्सी ॲपच्या अटींत कुठेतरी एक वाक्य असतं. शब्द बदलतात, अर्थ एकच. ‘आम्ही प्रवासी वाहतूक करत नाही. आम्ही फक्त प्रवासी आणि चालक यांची गाठ घालून देतो.’ म्हणजे आम्ही दलाल. गाडी उशिरा आली, चुकीच्या रस्त्याने गेली, तर ते तुम्ही आणि चालक बघून घ्या.

हे वाक्य खरं मानायचं का? याचं उत्तर डोंबिवलीतल्या एका बाईंनी शोधलं. डोंबिवली हे मुंबईजवळचं, ठाणे जिल्ह्यातलं गाव. आता शहरच म्हणायचं. तुमच्यापैकी कोणाची तरी आजी तिथे नक्की राहत असेल. या बाई व्यवसायाने वकील. 12 जून 2018 रोजी त्यांना मुंबईहून चेन्नईला जायचं होतं. विमान संध्याकाळी 5 वाजून 50 मिनिटांनी. घरापासून विमानतळ साधारण 36 किलोमीटर. दुपारी साडेतीनच्या सुमारास त्यांनी उबरवर गाडी मागवली. गाडी यायला 14 मिनिटं लागली, तीही पुन्हा पुन्हा फोन केल्यावर. आल्यावर चालक फोनवरच बोलत राहिला आणि बोलणं संपेपर्यंत गाडी हलली नाही. वाटेत तो सीएनजी भरायला थांबला. त्यात आणखी 15-20 मिनिटं गेली. मग वळण चुकलं. बाई विमानतळावर पोचल्या तेव्हा 5 वाजून 23 मिनिटं झाली होती. विमान गेलं. गाडी मागवताना ॲपने भाडं 563 रुपये दाखवलं होतं, बिल आलं 703 रुपयांचं.

बाईंनी तक्रार केली. कंपनीने वरचे 139 रुपये परत केले. एवढ्यावर बहुतेक लोक गप्प बसले असते. विमानाचं तिकीट गेलं, 139 रुपये आले, जाऊ दे! पण त्या ठाण्याच्या ग्राहक आयोगात गेल्या. तिथे कंपनीने तेच सांगितलं, आम्ही फक्त गाठ घालून देतो. आयोगाने पाहिलं की ॲप कंपनीचं, भाडं ठरवणारी कंपनी आणि प्रवाशाचे पैसेही कंपनीकडेच जातात. मग जबाबदारी फक्त चालकाची कशी? 2022 च्या ऑक्टोबरमध्ये बातमी आली की आयोगाने बाईंना 20,000 रुपये द्यायला सांगितले आहेत. मनस्तापाचे 10,000 आणि खटल्याच्या खर्चाचे 10,000.

रक्कम फार मोठी नाही. चार वर्षं गेली हेही खरं. पण अटींतलं ते वाक्य त्या आयोगापुढे टिकलं नाही. कागदावर ‘मी दलाल आहे’ असं लिहिलं म्हणून कोणी दलाल होत नाही. तो प्रत्यक्षात काय करतो हे बघावं लागतं.

असंच काहीसं लंडनमध्ये झालं. तिथे प्रश्न प्रवाशांचा नव्हता, चालकांचा होता. उबरचं म्हणणं होतं की चालक हे आमचे कामगार नाहीत, स्वतंत्र धंदा करणारे लोक आहेत, करारात तसं लिहिलं आहे. 2021 च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने हे मानलं नाही. भाडं कंपनी ठरवते, अटी कंपनी लिहिते, चालकावर नजर कंपनी ठेवते. मग नुसतं करारात काय लिहिलंय तेवढं बघून चालणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.

ही दोन प्रकरणं मी मुद्दाम शेजारी ठेवली आहेत. आपण चिडतो ते चालकावर. समोर तोच असतो ना! इथे तो बऱ्याचदा पेशावरचा किंवा केरळचा असतो, दिवसाचे दहा-बारा तास गाडी चालवतो आणि त्याचं घर आपल्या एका तारेवर हलतं. आपण रागाने एक तारा देतो आणि न्याय मिळाला असं समजतो. खरं तर गाडी कुठून पाठवायची हे ॲपने ठरवलं, वेळ ॲपने चुकीची सांगितली, भाडंही ॲपनेच वाढवलं. ‘आम्ही फक्त गाठ घालून देतो’ या वाक्याचा कंपनीला सगळ्यात मोठा फायदा हाच आहे की भांडण प्रवासी आणि चालक यांच्यात लागतं आणि कंपनी बाजूला उभी राहते. चालक उद्धट वागला, भरधाव हाकली, तर त्याची तक्रार करायलाच हवी. पण भाडं जास्त का लागलं हे त्याला विचारून काही उपयोग नाही.

पैशांकडे येऊ. इथे एक शब्द नीट बघा: ‘अंदाजे’. काही ॲप आधी ठरलेलं भाडं दाखवतात, काही अंदाजे भाडं दाखवतात. दोन्ही आकडे पडद्यावर सारखेच दिसतात. ठरलेलं भाडं असेल, तर मधल्या वाहतूक कोंडीची किंमत सहसा तुम्ही द्यायची नसते. अंदाजे असेल, तर 563 चे 703 होऊ शकतात. हला मीटरवर चालते, त्यामुळे तिथे दिसतो तो अंदाज. शिवाय सालिकच्या कमानीखालून गाडी गेली की टोलचे दिरहम वेगळे लागतात. हे अन्यायाचं नाही, पण आधी माहीत असलेलं बरं. नाहीतर भारतातून आलेले आजोबा दर कमानीला दचकतात.

गाडी रद्द करण्याचे पैसे ही मात्र खरी भांडणाची जागा. आमच्या ओळखीच्या एका काकू दोन नातवंडांना घेऊन शेख झायद रोडवर एका मेट्रो स्टेशनजवळ उभ्या होत्या. कोणत्या ॲपवरून गाडी मागवली होती ते सोडून देऊ. गाडी आली ती रस्त्याच्या पलीकडे. चालक फोनवर म्हणाला, तुम्हीच इकडे या. शेख झायद रोड ओलांडणं म्हणजे काय हे दुबईकरांना सांगायला नको. पुलावरून जायचं तर हातात सामान, एक नातू झोपलेला. काकूंनी गाडी रद्द केली आणि त्यांच्या कार्डातून पैसे कापले गेले. अटींत लिहिलं होतं की चालक ठरलेल्या जागी पोचल्यावर रद्द केल्यास पैसे लागतील. आता ठरलेली जागा कोणती? रस्त्याची ही बाजू की ती? नकाशावर दोन्हींत बोटभर अंतर. काकूंनी नकाशाचा फोटो पाठवून लिहिलं, तेव्हा पैसे परत आले, पण कार्डात नाही, ॲपच्या पाकिटात. म्हणजे पुढची फेरी त्याच ॲपवर केली तरच ते वापरता येणार.

हे पाकीट प्रकरण भारतात बरंच गाजलं. ओला या कंपनीची पद्धत अशी होती की तक्रार मान्य झाली की पैशांऐवजी पुढच्या फेरीसाठी कूपन मिळायचं. बँकेत पैसे परत हवेत असं म्हणायची सोयच नव्हती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2024 च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीला सांगितलं की पैसे बँकेत हवेत की कूपन हवं, हे ग्राहकाला निवडू द्या. रिक्षाच्या फेरीची पावतीही द्या, असंही सांगितलं. मला हा निर्णय फार आवडला, कारण त्यात कोणी मोठी फसवणूक पकडली गेली नाही. कूपन देणं वरवर चांगुलपणाच वाटतो. पण माझे पैसे मला परत देताना तू मला पुन्हा तुझ्याच दुकानात यायला लावतोस, हे बरोबर नाही, एवढं साधं म्हणणं कोणीतरी अधिकाराने मांडलं.

रद्द करण्याच्या पैशांबद्दलही भारतात 2025 च्या जुलैमध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं आली. योग्य कारण नसताना गाडी रद्द केली तर भाड्याच्या 10 टक्के, पण जास्तीत जास्त 100 रुपये. आणि हे दोघांनाही लागू. प्रवाशाने रद्द केली तर त्याला, चालकाने रद्द केली तर चालकाला. गर्दीच्या वेळी भाडं किती वाढवायचं यालाही मर्यादा घातली, मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत. ॲपच्या अटी वाचताना म्हणूनच हा एक प्रश्न मनात ठेवा: हा नियम दोन्ही बाजूंना आहे का? मी पाच मिनिटं उशीर केला तर मला दंड, मग गाडीने वीस मिनिटं उशीर केला तर? बहुतेक अटींत पहिल्या वाक्याला आकडा असतो आणि दुसऱ्या वाक्याला ‘दिलगीर आहोत’ असतं.

अशा एकतर्फी कराराला अरबी कायद्यात एक नेमका शब्द आहे, ‘अक्द अल-इझआन’. ‘अक्द’ म्हणजे करार आणि ‘इझआन’ म्हणजे मान तुकवणं. मान तुकवण्याचा करार! ‘सहमत आहे’ या गोड शब्दापेक्षा हा किती खरा वाटतो! एका बाजूने सगळं लिहायचं आणि दुसरीने फक्त मान तुकवायची. अमिरातीच्या 1985 च्या नागरी व्यवहार कायद्यात 248 वं कलम अशाच करारासाठी घातलं गेलं. अशा करारातल्या अटी अन्यायाच्या असतील तर न्यायाधीश त्या बदलू शकतात किंवा मान तुकवणाऱ्याला त्यांतून मोकळं करू शकतात, असं त्या कलमात लिहिलं होतं. शिवाय ‘असं करता येणार नाही’ असं करारात आधीच लिहून ठेवलं, तर ते लिहिणंच बाद. 2020 च्या ग्राहक कायद्याचा रोखही तोच आहे. कायद्याने घातलेली जबाबदारी झटकणारी अट पुरवठादाराने लिहिली, तरी ती चालत नाही. खरी माहिती मिळणं, खाजगी माहिती सुरक्षित राहणं, तक्रारीचा लवकर आणि योग्य निकाल लागणं, नुकसान झालं तर भरपाई मिळणं, हे हक्क त्या कायद्यात दिले आहेत.

खाजगी माहिती म्हटलं की करीमची 2018 ची गोष्ट आठवते. त्या वर्षी जानेवारीत कंपनीला कळलं की ग्राहकांच्या माहितीची चोरी झाली आहे. नावं, ईमेल, फोन नंबर आणि कोण कुठून कुठे गेलं याच्या नोंदी. जवळपास 1 कोटी 40 लाख लोकांची माहिती. ग्राहकांना हे सांगितलं गेलं एप्रिलमध्ये. मधले तीन महिने लोक नेहमीसारखे गाड्या मागवत राहिले. फोन नंबर गेला तर नवा घेता येतो. पण तुम्ही दर मंगळवारी पाच वाजता कुठल्या इमारतीत शिकवणीला जाता, ही माहिती बदलता येत नाही. पुढे 2021 मध्ये अमिरातीने व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला, 45 क्रमांकाचा. तेव्हा ॲप जेव्हा विचारतं, ‘तुमचं ठिकाण नेहमी बघू की ॲप वापरताना फक्त?’ तेव्हा ‘नेहमी’ म्हणायचं काहीच कारण नाही.

आता तुमच्या वयाच्या मुलांशी थेट संबंध असलेली एक गोष्ट. ती वाचून मला राग आला होता आणि तुम्हालाही यावा अशी माझी इच्छा आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात 2022 च्या मार्चमध्ये एक नवराबायको उबरने जात असताना मोठा अपघात झाला. दोघांनाही गंभीर दुखापत झाली. त्यांनी कंपनीवर खटला भरला. कंपनी म्हणाली, तुम्हाला न्यायालयात येताच येणार नाही. कारण अपघाताच्या आधी बाईंच्या फोनवर नव्या अटींना ‘मान्य’ म्हटलं गेलं होतं. त्या अटींत असं होतं की वाद न्यायालयात नाही, लवादापुढे सोडवायचा. लवाद म्हणजे दोन्ही बाजूंनी मानलेला पंच. आता ते बटण कोणी दाबलं होतं? कुटुंबाचं म्हणणं, त्यांच्या 12 वर्षांच्या मुलीने. आईच्या फोनवरून उबर ईट्सवर पिझ्झा मागवताना. 2024 च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला.

एका पिझ्झाचं बटण आणि त्याचा परिणाम आईवडिलांच्या अपघाताच्या खटल्यावर! कायदेशीर असेल, पण मला हे न्याय्य वाटत नाही. मुलीला दोष देण्यातही अर्थ नाही. तिला भूक लागली होती आणि समोर बटण होतं. पण आपल्या घरांत काय चालतं ते आठवा. आईबाबांच्या फोनचं कुलूप कोणाला उघडता येतं? नवं ॲप कोण घालून देतं? आजी भारतातून आली की तिच्या फोनवर करीम कोण चढवतं? तुम्हीच ना! टॅक्सीच्या ॲपवर स्वतःचं खातं उघडायला सहसा 18 वर्षं पूर्ण लागतात. किशोरवयीनांची खाती असतात तीही पालकांच्या खात्याला जोडलेली. म्हणून दुसऱ्याच्या फोनवर ‘आमच्या अटी बदलल्या आहेत’ असं आलं, तर ते बटण तुमचं नाही. फोन ज्याचा आहे त्याच्या हातात द्यायचा आणि वाचून दाखवायचं. आजीला मराठीत सांगायचं. ‘आजी, हे म्हणतायत की भांडण झालं तर कोर्टात जायचं नाही.’ मग आजी काय म्हणते ते ऐका. न्यायाधीशांपेक्षा कडक बोलेल.

लवादाची ही अट सगळीकडेच टिकते असंही नाही. कॅनडात उबर ईट्सवर जेवण पोचवणाऱ्या एका चालकाच्या करारात होतं की वाद नेदरलँड्समधल्या लवादापुढे न्यायचा. त्यासाठी सुरुवातीलाच सुमारे 14,500 अमेरिकन डॉलर लागणार होते. त्याची वर्षाची बहुतेक कमाई त्यातच गेली असती. 2020 च्या जूनमध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट बाद ठरवली. ज्या दारापर्यंत गरीब माणूस पोचूच शकत नाही, ते दार न्यायाचं आहे असं कसं म्हणायचं? म्हणून अटींच्या शेवटी, सगळे कंटाळून वाचणं सोडतात त्या जागी, ‘वाद’ आणि ‘कोणत्या देशाचा कायदा’ हे दोन शब्द शोधायचे. ॲपमध्ये शोधायची सोय असते. पूर्ण मजकूर वाचावा लागत नाही.

राहिली तक्रार. इथे एक इशारा द्यायलाच हवा. भारतात लोक चालकाचा व्हिडिओ काढतात आणि सरळ इंटरनेटवर टाकतात. अमिरातीत असं करू नका. परवानगीशिवाय कोणाचा फोटो काढणं, पसरवणं किंवा ऑनलाइन कोणाला शिव्या देणं हा 2021 च्या 34 क्रमांकाच्या सायबर गुन्ह्यांच्या कायद्याने गुन्हा ठरू शकतो. तुमची तक्रार खरी असली तरी आरोपी तुम्ही व्हाल. फ्लॅटच्या व्हॉट्सॲप गटावर चालकाचा फोटो टाकून ‘याच्यापासून सावध राहा’ लिहिणं हेही त्यातच येऊ शकतं. फोटो काढायचा तो स्वतःच्या पडद्याचा. गाडी मागवताना दिसलेलं भाडं, गाडी कुठे उभी आहे तो नकाशा, फेरीचा क्रमांक, नंतर आलेली पावती. हे चार फोटो असले की बोलायला जोर येतो.

तक्रार आधी ॲपमध्ये करायची, आणि लिहून. फोनवर बोललेलं उरत नाही. रागाची विशेषणं गाळा. काय ठरलं होतं, काय झालं, काय हवंय, एवढंच लिहा. काकूंची तक्रार मी लिहिली असती तर अशी:

‘फेरी क्रमांक अमुक. मी नकाशावर दाखवलेल्या जागी सात मिनिटं उभी होते. गाडी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला थांबली, तिथे चालत जाणं मला शक्य नव्हतं. म्हणून मी फेरी रद्द केली. कापलेले पैसे माझ्या कार्डावर परत करावेत, ॲपच्या पाकिटात नकोत. नकाशाचा फोटो जोडला आहे.’

अरबीत ‘तकरार’ म्हणजे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं. मराठीत येता येता त्याची ‘तक्रार’ झाली. आठवड्याभरात उत्तर आलं नाही, किंवा ‘आपल्या भावना समजल्या’ एवढंच आलं, तर तोच मजकूर, तेच फोटो आणि ॲपने दिलेला तक्रार क्रमांक घेऊन पुढे जायचं. दुबईत टॅक्सी किंवा लिमोझिनच्या फेरीबद्दल आरटीएचा फोन आहे 8009090. पैशांचा वाद असेल तर दुबईचं ग्राहक संरक्षण खातं ऑनलाइन तक्रार घेतं. बाकीच्या अमिरातींत तिथल्या आर्थिक विकास खात्याकडे जायचं. अर्ज इंग्रजीत करता येतो. पण आधी तो मराठीत लिहून बघा आणि घरच्यांना वाचून दाखवा. काय हवंय हे त्यांना पहिल्याच वाचनात कळलं, तर मग इंग्रजीत उतरवायचा.